पुढचा एक्सल गळतोय, दोनदा सील बदललं तरी थांबत नाही: आता काय करायचं?

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलंय: चोवीस एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह छोटा ट्रॅक्टर आहे, चार हंगाम झाले, काम मुख्यतः ब्लोअरचं (पंख्याने फवारणी करणाऱ्या यंत्राचं) आणि थोडं रोटाव्हेटरचं. डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूने ऑइल गळतं. फिटरने सील (शाफ्टभोवती ऑइल अडवणारी रबरी कडी) बदललं, ते दोन महिने टिकलं. दुसरं घातलं, ते तीन आठवड्यांत गेलं. ऑइल काढलं तेव्हा ते दूध घातलेल्या चहासारखं निघालं. आता फिटर म्हणतो की त्या बाजूची अख्खी असेंब्लीच बदला. गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) जवळ आली आहे. बदलावी, की ऑइल टाकत हंगाम काढावा?

दादा, असेंब्लीचा निर्णय सध्या बाजूला ठेवा. एक सील गेलं तर सील खराब होतं असं म्हणता येतं. दुसरं पहिल्यापेक्षा लवकर गेलं, म्हणजे सीलला मारणारं काहीतरी आतच आहे आणि दोन्ही वेळा ते तसंच राहिलं. ते न शोधता असेंब्ली बदलली तर नव्या असेंब्लीतलं सीलही त्याच वाटेने जाऊ शकतं, आणि खर्च मात्र कित्येक पटीने झालेला असेल. ट्रॅक्टर मी डोळ्यांनी पाहिलेला नाही, त्यामुळे खालचं बरंचसं "असं असेल तर असं" या भाषेत आहे. मॉडेल कोणतं, शाफ्टची अवस्था काय, वॉरंटी उरली आहे का, यावर उत्तर बदलेल. वॉरंटी असेल तर बाहेर एक बोल्टही खोलू नका, आधी शोरूमला दाखवा.

पण तुमच्या वर्णनातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे दुधाळ ऑइल. तिच्याकडे येतोच. आधी रचना समजून घेऊ, कारण गळती नेमकी कुठून आहे हे ठरवताना भल्याभल्यांची गफलत होते.

छोट्या फोर व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलमध्ये बहुतेक वेळा बेव्हल गिअरची रचना असते. कुबोटाच्या छोट्या मॉडेलांत ती आहे, इतरही काही कंपन्यांच्या मॉडेलांत आहे. गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्ट पुढे येतो, मधल्या डिफरन्शिअलमध्ये शिरतो. तिथून दोन्हीकडे हाफ शाफ्ट जातात. टोकाला बेव्हल गिअरची एक जोडी ती फिरकी खाली वळवते, उभा शाफ्ट खाली येतो, आणि तळाशी दुसरी जोडी ती चाकाच्या शाफ्टला देते. हे सगळं बंद हौसिंगमध्ये ऑइलात बुडालेलं असतं. स्टिअरिंग फिरवलं की खालचं गिअर केस वरच्या भागाभोवती वळतं. म्हणजे एका बाजूला निदान दोन मोठी सीलं आली: एक चाकाच्या शाफ्टचं, जे सतत फिरणाऱ्या शाफ्टला धरतं, आणि एक वर, वळणाऱ्या जोडावरचं, जे फक्त स्टिअरिंगबरोबर घासतं. शिवाय कव्हरची ओ-रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, डिफरन्शिअलच्या तोंडाचं पिनियन सील, आणि पॉवर स्टिअरिंग असेल तर एक्सललगतच असलेला स्टिअरिंग सिलिंडर.

ऑइल कुठूनही निघालं तरी खाली येतं आणि शेवटी रिमच्या आत दिसतं. वरचं सील गळत असताना चाकाचं सील बदललेले ट्रॅक्टर माझ्याकडे नेहमी येतात. म्हणून आधी खात्री करा. एक्सल डिझेलने स्वच्छ धुवा, फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या. मग हौसिंगवर, विशेषतः दोन्ही सीलांच्या भोवती, टाल्कम पावडर किंवा खडूची भुकटी मारा. ट्रॅक्टर अर्धा तास चालवा, जागेवर दोन्हीकडे पूर्ण स्टिअरिंग फिरवा, मग टॉर्च घेऊन पाहा. पावडरवर ओल जिथे सगळ्यात वर सुरू झाली आहे, गळती तिथे आहे. खालचे ओघळ विसरा. काहीच दिसलं नाही तर रात्रभर उभा ठेवून सकाळी पुन्हा पाहा. काही गळत्या गरम असताना दिसतात, काही थंड झाल्यावर.

ओल मधोमध, प्रोपेलर शाफ्टच्या नळीच्या पुढच्या टोकाशी असेल तर ते एक्सलचं ऑइल असेलच असं नाही. काही मॉडेलांत प्रोपेलर शाफ्टवर नळीचं आवरण असतं. गिअरबॉक्सकडचं सील गेलं की ट्रान्समिशनचं ऑइल त्या नळीतून वाहत येतं आणि पुढच्या टोकाला थेंब पडतो. पाहणारा म्हणतो एक्सल गळतोय, आणि उतरत मात्र असते गिअरबॉक्सची पातळी. दोन्हीकडच्या पातळ्या मोजल्या की पाच मिनिटांत उत्तर मिळतं. स्टिअरिंग सिलिंडरचंही तसंच. त्याची दांडी पुसून कोरडी करा, स्टिअरिंग फिरवा, दांडीवर ऑइलची कड दिसली तर दोष तिथे. वासावरूनही थोडं कळतं. ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, हायड्रॉलिकच्या ऑइलला येत नाही. मात्र काही कंपन्या एक्सलमध्येही ट्रान्समिशनचंच ऑइल चालवतात, तिथे वासावर जाऊ नका.

आता दुधाळ ऑइल.

ऑइल दुधाळ झालं म्हणजे पाणी आत गेलं. नुसतं सील झिजलं असतं तर मुख्यतः ऑइल बाहेर आलं असतं. तुमच्याकडे ऑइल बाहेर येतंय आणि पाणी आतही जातंय. अशी दुहेरी ये-जा दिसली की मी सीलच्या आधी ब्रीदर पाहतो. एक्सल काम करताना तापतो, आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला ब्रीदर नावाची छोटी वाट ठेवलेली असते. ती बुजली तर आत दाब वाढतो आणि तो दाब सीलच्या ओठाला (शाफ्टला घासणाऱ्या रबरी कडेला) बाहेर ढकलतो. संध्याकाळी तुम्ही तोच गरम ट्रॅक्टर ओल्या बोदातून आणता किंवा त्यावर पाण्याची गन धरता. एक्सल झटकन थंड होतो, आतली हवा आकसते, आणि बाहेरचं पाणी सीलच्या कडेतून आत ओढलं जातं. दिवसा ऑइल बाहेर, संध्याकाळी पाणी आत. या चक्रात कितीही चांगलं सील टिकत नाही.

द्राक्षाच्या ट्रॅक्टरवर ब्रीदर बुजण्याचं कारण इतर पिकांपेक्षा वेगळं असतं. बोर्डो मिश्रणात शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, हे आपलं एक टक्क्याचं नेहमीचं प्रमाण. ब्लोअरचा फवारा सगळ्या ट्रॅक्टरवर बसतो, चुना वाळतो आणि थरावर थर चढून ब्रीदरचं बारीक भोक बंद करतो. वर गंधकाची भुकटी आणि काळी माती. बाहेरून पाहिलं तर ब्रीदर जागेवर असतो, टोपी असते, म्हणून कुणी काढून बघत नाही. मोरचुदाचा दुसरा त्रास म्हणजे तो लोखंड खातो. सीलच्या बाहेर शाफ्टचा जो थोडासा भाग उघडा राहतो, त्यावर बारीक खड्डे पडतात. सील काढता-घालताना ओठ त्याच खड्ड्यांवरून सरकतो.

ब्रीदर बुजला आहे का हे तपासायला गॅरेजही लागत नाही. तासभर काम करून ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करा. ऑइल भरण्याचा प्लग अगदी हळू सैल करा, तोंड बाजूला ठेवून, कारण ऑइल गरम असतं. फुस्स करून हवा सुटली तर ब्रीदर बंद आहे, यात शंका नको. मग तो काढून डिझेलमध्ये भिजवा, भोकात बारीक तार फिरवा, हवेने फुंका. टोपी मोकळी हलत नसेल तर नवाच घाला, त्याची किंमत सीलच्या पुढे काहीच नाही. काही मॉडेलांत मधला एक आणि दोन्ही टोकांना एकेक असे ब्रीदर प्लग असतात. सगळे पाहा.

ब्रीदर मोकळा निघाला तर? मग संशय पुढच्या तीन गोष्टींवर. पहिली सुतळी. काडी बांधणीची सुतळी, तारेचे तुकडे, जाळीचे धागे, ठिबकच्या जुन्या नळीच्या पट्ट्या, हे सगळं चाक आणि गिअर केस यांच्या फटीत शाफ्टभोवती गुंडाळलं जातं. बाहेरून दिसत नाही. प्लास्टिकचा धागा घट्ट होत होत सीलच्या धूळ अडवणाऱ्या ओठाखाली शिरतो आणि घर्षणाने तापतो. चाक काढल्यावर तिथे चिमटा घालून फिरवा. दुसरी गोष्ट बेअरिंग. पुढचं चाक उचलून वर आणि खाली धरून आतबाहेर हलवा. टक् असा आवाज किंवा हाताला जाणवेल असा प्ले (ढिलेपणा) असेल तर बेअरिंग गेलं आहे. शाफ्टच डोलत असेल तर सीलचा ओठ त्याच्या मागे धावू शकत नाही. आणि तुमच्या बाबतीत पाणी आत गेलेलं असल्याने बेअरिंगवर गंज चढलेला असण्याची शक्यता मोठी आहे. ट्रॅक्टर आठवडाभर उभा राहिला की दुधाळ ऑइलातलं पाणी बेअरिंगच्या तळाला बसतं आणि गोळ्या गंजतात. तिसरी गोष्ट मार. मांडवाच्या अँगलला किंवा बांधाच्या दगडाला चाक कधी जोरात आपटलं होतं का आठवा. चाक जॅकवर उचलून फिरवा, रिमच्या कडेजवळ एक काठी स्थिर धरा आणि अंतर कमी-जास्त होतं का पाहा. रिम काढून शाफ्टच्या फ्लँजवरही हेच करा, म्हणजे वाकलंय ते रिम की शाफ्ट हे कळेल.

माझा अंदाज सांगतो, खात्री नव्हे. ब्रीदर बुजला, दाबाने मूळ सील गेलं, पाणी आत आलं. फिटरने सील बदललं पण ब्रीदर तसाच, बेअरिंग तसंच. दोन महिन्यांत बेअरिंगचा गंज वाढून प्ले आला. दुसऱ्या सीलला दाब आणि डोलणारा शाफ्ट असे दोन्ही त्रास मिळाले, म्हणून ते तीन आठवड्यांतच गेलं. हे बरोबर आहे की नाही ते काढलेलं सील सांगेल.

काढलेलं सील कुणी नीट बघत नाही याचं मला फार वाईट वाटतं. गॅरेजमध्ये ते पहिल्यांदा कचऱ्यात जातं, आणि गळतीचा सगळा पुरावा त्याच्यावर असतो. ओठ एकाच बाजूला झिजला असेल आणि समोरच्या बाजूला जवळजवळ नवा असेल, तर शाफ्ट वाकला आहे किंवा बेअरिंग ढिलं आहे. ओठ सगळीकडून कडक होऊन भेगाळला असेल तर तो तापला आहे: ऑइल कमी होतं, किंवा सुतळी घासत होती, किंवा सील खूप जुनं होतं. ओठावर एकच आडवा काप असेल तर तो बसवताना पडला, शाफ्टच्या स्प्लाइनची किंवा सर्कलिपच्या खाचेची धार लागली. ओठ चांगला, पण सील आपल्या घरातून थोडं बाहेर सरकलेलं, तर आतल्या दाबाने ढकललं आहे किंवा घर मोठं झालं आहे. ओठाच्या मागची बारीक स्प्रिंग जागेवर नसेल तर बसवताना ठोकाठोकी झाली आहे. आणि दोन ओठांच्या मध्ये चिखल घट्ट बसलेला असेल तर धुळीचा ओठ केव्हाच निकामी झाला होता.

आता खोलण्याचं काम. हे तुम्ही स्वतः करावं असं मी म्हणत नाही, पण समोर उभं राहून पाहावं असं नक्की म्हणतो. ट्रॅक्टर सपाट पक्क्या जागी, हँडब्रेक लावून, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड. पुढचा एक्सल मधल्या पिनवर डुलतो हे विसरू नका. एका टोकाला जॅक लावून चाक काढलं तर ट्रॅक्टर दुसरीकडे कलू शकतो. एक्सल आणि फ्रेम यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोका, फ्रेमखाली घोडा (लोखंडी स्टँड) ठेवा, आणि नुसत्या जॅकवर विसंबून कुणालाही खाली जाऊ देऊ नका.

ऑइल गरम असताना काढा, पाणी आणि गाळ त्याच्याबरोबर येतो. ड्रेन बोल्टला चुंबक असेल तर त्यावर काय चिकटलंय ते बोटांत चोळून पाहा. काळी मऊ पेस्ट ही नेहमीची झीज आहे. चमकणारे पापुद्रे किंवा तुकडे निघाले तर गिअरचे दात किंवा बेअरिंग तुटतंय, आणि तिथे हिशोब बदलतो. त्याबद्दल पुढे.

चाकाच्या शाफ्टचं कव्हर खोलताना त्याच्यामागे पातळ शिम (धातूच्या चकत्या) असतात. गिअरच्या दातांमधला गॅप त्यांच्यावर ठरतो. किती निघाले, कोणत्या बाजूचे, ते लगेच वेगळ्या पिशवीत ठेवायला सांगा. शिम हरवले किंवा डावी-उजवीकडे मिसळले तर गळती थांबेल, पण पुढे गिअर ओरडायला लागतील, आणि तेव्हा सगळ्यांना वाटेल की ट्रॅक्टरलाच काही झालंय. बेअरिंग पुलरने काढा, हातोडीने नको. इतकं खोललंच आहे तर बेअरिंग नवीन घाला. जुनं हाताने फिरवल्यावर बरं वाटत असलं तरी घाला. बेअरिंगची किंमत पुन्हा खोलण्याच्या मजुरीपेक्षा आणि वाया जाणाऱ्या फवारणीच्या दिवसापेक्षा नेहमीच कमी असते.

शाफ्ट पुसा आणि सील जिथे घासतं त्या पट्ट्यावरून नख आडवं फिरवा. चमकणारी रेघ दिसेल, ती चालते. पण नख अडकलं तर तिथे खाच पडली आहे. त्या खाचेत नवं सील बसवून काही उपयोग नाही, आणि दोनदा सील गेलेल्या शाफ्टवर खाच असण्याची शक्यता बरीच. यावर तीन-चार उपाय आहेत. काही एक्सलमध्ये सील थेट शाफ्टवर नसून एका कॉलरवर घासतं, तशी असेल तर फक्त कॉलर बदला, काम झालं. नसेल तर खाचेवर पातळ स्टीलची स्लीव बसवता येते. ती पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची असते, त्यामुळे सीलचा नंबर बदलावा लागत नाही. मोठ्या बेअरिंगच्या दुकानांत शाफ्टच्या मापाने मिळते, व्हर्निअरने नीट माप घेऊन जा. घरात जागा असेल तर सील एक-दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो, फक्त ऑइलचं भोक झाकलं जात नाही ना आणि सील बेअरिंगला टेकत नाही ना एवढं पाहा. शेवटचा उपाय म्हणजे लेथवर वेल्डिंगने भरून घासणं. घाईत केलेल्या वेल्डिंगने शाफ्ट वाकतो, म्हणून त्यापेक्षा नवा शाफ्ट बरा. एमरी पेपरने घासायचं असेल तर पेपर शाफ्टभोवती गोल फिरवा. तिरक्या रेघा पडल्या तर शाफ्ट फिरताना त्याच रेघा ऑइल बाहेर ओढून काढतात.

सील निवडताना सगळ्यात मोठी फसगत होते ती मापावर. सीलवर समजा ४० ६२ ८ असं छापलंय. म्हणजे आतला व्यास ४० मिलिमीटर, बाहेरचा ६२, जाडी ८. दुकानदार या तीन आकड्यांवर सील काढून देतो आणि ते बरोब्बर बसतंही. पण त्याच मापात एकेरी ओठाचं एससी सील येतं आणि दुहेरी ओठाचं टीसीही येतं. एकेरीला धूळ अडवणारा ओठ नसतो. मशीन शॉपमध्ये ते वर्षानुवर्षं चालतं, काळ्या मातीच्या चिखलात चालत नाही. छोट्या फोर व्हील ट्रॅक्टरांना कंपनीकडून बऱ्याचदा त्याहूनही जास्त ओठांचं, चिखलासाठी बनवलेलं सील येतं, कारण मुळात हे ट्रॅक्टर भाताच्या चिखलणीसाठीही बनवलेले असतात. म्हणून या एका जागी तरी कंपनीचा पार्ट नंबर देऊनच सील घ्या. बाकी ठिकाणी चांगल्या मेकचं टीसी चालेल. तुमच्या फिटरने घातलेली दोन्ही सीलं कोणती होती, ते त्याला विचारा.

बसवताना घर कोरडं आणि गुळगुळीत हवं, जुन्या गॅस्केट पेस्टचा कण राहता कामा नये. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे. दोन ओठांच्या मध्ये ग्रीस भरा, नाही तर पहिल्या काही मिनिटांत धुळीचा ओठ कोरडा घासून जळतो. शाफ्टच्या स्प्लाइनवर आणि खाचांवर पातळ टेप गुंडाळा, सील पलीकडे गेल्यावर काढा. ठोकायला सीलच्या बाहेरच्या व्यासाची नळी किंवा पान्याची मोठी गोटी (सॉकेट) घ्या, म्हणजे दाब सगळीकडून सारखा पडेल. छिन्नीने एका बाजूने ठोकलेलं सील तिरकं बसतं, आणि तिरकं बसलेलं सील पहिल्या दिवसापासून गळत नसलं तरी लवकर गळतं. गॅस्केट पेस्ट कव्हरच्या जोडाला पातळ लावा. ओठाला कधीच नाही. जास्त लावलेली पेस्ट आत पडते, तिचे तुकडे ऑइलबरोबर फिरतात आणि वाट बुजवतात.

ऑइल भरतानाही एक गोष्ट लक्षात असू द्या. एक्सलची बीम लांब आणि अरुंद, ऑइल जाड. एका तोंडातून ओतलेलं ऑइल दोन्ही टोकांपर्यंत पोचायला वेळ लागतो. लगेच पातळी पाहिली तर भरलेली दिसते, नंतर उतरते. म्हणून ट्रॅक्टर सपाट उभा करून भरा, ब्रीदर प्लग थोडे सैल ठेवा म्हणजे अडकलेली हवा निघेल, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुन्हा पातळी पाहा. ऑइलचा ग्रेड आणि लिटर मॅन्युअलमध्ये असेल तेच. जास्त भरलं तरी गळती लागते, कारण फुगायला जागाच उरत नाही. आणि तुमचं ऑइल दुधाळ होतं म्हणून पहिलं भरलेलं ऑइल थोडे दिवस चालवून काढून टाका. कोपऱ्यांत राहिलेलं पाणी त्याच्यातून निघतं. दुसऱ्यांदा भरलेलं मग नेहमीच्या मुदतीपर्यंत ठेवा. खर्च दुप्पट वाटेल, पण नव्या बेअरिंगला उरलेल्या पाण्यात भिजत ठेवण्यापेक्षा तो परवडतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न: ऑइल टाकत हंगाम काढता येईल का? हौसिंग नुसतं ओलसर होऊन धूळ चिकटत असेल, थेंब पडत नसेल, तर आठवड्याला पातळी पाहून काम चालवता येतं. थेंब पडत असेल आणि ऑइल दुधाळ असेल तर मी नाही म्हणेन. गोडी छाटणीनंतर डाऊनीच्या (केवडा रोगाच्या) दिवसांत, परतीच्या पावसात फवारणी एक दिवस चुकणं काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. त्या काळात एक्सल जाम झाला तर दुरुस्तीपेक्षा बागेचं नुकसान मोठं. छाटणीच्या आधीचे हे दिवस त्याच कामाला वापरा.

फोर व्हील सोडून फक्त मागच्या चाकांवर चालवलं तर एक्सलला आराम मिळतो असं बरेच जण समजतात. लोड कमी होतो हे खरं, पण गिअर थांबत नाहीत. पुढची चाकं जमिनीवर फिरतात आणि तीच उलट आतले गिअर आणि प्रोपेलर शाफ्ट फिरवतात. ऑइल नसेल तर टू व्हीलमध्येही एक्सल तितकाच कोरडा फिरेल. आणि कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून त्यात ग्रीस भरू नका. ग्रीस गळत नाही हे खरं, पण गिअर पहिल्या फेऱ्यात ते बाजूला फेकतो आणि ते परत दातांवर येत नाही. सगळ्यात आधी वरचा बेव्हल गिअर सुकतो. ग्रीस भरलेले एक्सल उघडले तर वरच्या बेअरिंगचा रंग निळा पडलेला दिसतो.

असेंब्ली कधी बदलायची? हौसिंगला तडा असेल, सीलचं किंवा बेअरिंगचं घर इतकं झिजलं असेल की नवं बेअरिंग हाताने ढकलून बसतं, किंवा ड्रेन बोल्टवर दातांचे तुकडे निघाले आणि गिअरची जोडीच गेली असेल. तेव्हा फिटर म्हणतो ते बरोबर ठरेल. तोपर्यंत सील, बेअरिंग, ओ-रिंग, ब्रीदर आणि फार तर शाफ्ट किंवा स्लीव एवढ्यातच काम होतं. त्या फिटरला दोष देण्याआधी एवढं लक्षात घ्या: सील बदलायचे पैसे मिळतात, कारण शोधायचे कुणी देत नाही. त्याच्याशी आधीच बोला की खोलून पाहण्याची मजुरी वेगळी देतो, पण बेअरिंग, शाफ्ट आणि ब्रीदर मला दाखवल्याशिवाय बंद करू नकोस.

दुरुस्तीनंतर दोन सवयी बदलाव्या लागतील. डांबरी रस्त्यावर फोर व्हील काढून ठेवा. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जराशी जास्त ओढतील असंच गुणोत्तर या ट्रॅक्टरांत ठेवलेलं असतं. मातीत ती थोडी घसरतात आणि ताण सुटतो, डांबरावर घसरत नाहीत, आणि तो ताण बेव्हल गिअर व बेअरिंगवर जाऊन एक्सल तापतो. पुढचे टायर वेगळ्या मापाचे घातले असतील किंवा हवा फार कमी-जास्त असेल तरी तेच होतं. दुसरं, फवारणीनंतर ट्रॅक्टर धुवा, बोर्डोनंतर तर त्याच दिवशी धुवा, पण एक्सल हाताला कोमट लागेपर्यंत थांबा आणि एचटीपी (जास्त दाबाच्या फवारणी) पंपाची गन सीलच्या फटीवर सरळ धरू नका. लांबून, पसरट फवाऱ्याने. ब्रीदर दर महिन्याला बोटाने हलवून पाहा.

तुम्ही आत्ता करायचं ते इतकंच: उद्या तासभर काम करून भरण्याचा प्लग सैल करा आणि हवा सुटते का ऐका, चाक उचलून प्ले पाहा. दुसरं सील अजून ट्रॅक्टरवरच आहे. ते काढाल तेव्हा टाकू नका, पुसून ओठाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि शाफ्टवरच्या पट्ट्याचाही एक फोटो काढा. ते इथे टाकलेत तर स्लीवने भागेल की शाफ्ट मागवावा लागेल, हे मी नेमकं सांगू शकेन. शाफ्ट मागवायचा असेल तर ऑर्डर लवकर द्या, कारण छाटणीच्या तोंडावर या भागातल्या सगळ्याच दुकानांत पार्टसाठी थांबावं लागतं.